घरची भाषा, रकान्यातील भाषा आणि इंग्रजी : आखाडा बाळापूर परिसराच्या संदर्भात भाषिक नोंदींची चिकित्सा

प्रस्तावना

घरात कोणती भाषा बोलली जाते आणि घरातील माणसांना इंग्रजी कितपत येते, हे दोन प्रश्न एकत्र विचारण्याची पद्धत अमेरिकेच्या जनगणनेने १९८० पासून रूढ केली. इंग्रजीखेरीज अन्य भाषा घरी बोलता का, बोलत असल्यास कोणती, आणि इंग्रजी किती चांगले बोलता येते, असे हे तीन प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाला ‘फार चांगले’, ‘चांगले’, ‘फारसे नाही’ आणि ‘मुळीच नाही’ अशी चार उत्तरे ठरवून दिलेली असतात. उत्तर देणारा स्वतःच स्वतःला गुण देतो, हा या पद्धतीचा उघड दोष होय. तरीही तिच्यात एक शहाणपण आहे. ती बालपणाविषयी विचारत नाही. आज घरात काय चालते ते विचारते. शिवाय तिच्या उत्तरांवर काही प्रत्यक्ष निर्णय अवलंबून असतात. कोणत्या परगण्यात मतपत्रिका दुसऱ्या भाषेतही छापायची, हे मतदान हक्क कायद्याच्या १९७५ च्या दुरुस्तीपासून अशा आकडेवारीच्या आधारे ठरत आले आहे.

भारतीय जनगणना याच विषयाकडे वेगळ्या वाटेने जाते. ती ‘मातृभाषा’ विचारते आणि तिच्या जोडीला अवगत असलेल्या आणखी जास्तीत जास्त दोन भाषा नोंदवून घेते. मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे ती. आई लहानपणीच वारली असल्यास बालपणी घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. या व्याख्येत भावनिक सत्य आहे, परंतु वर्तमानकाळ नाही. पन्नाशीच्या गृहस्थाच्या आईने १९७० च्या सुमारास त्याच्याशी कोणती भाषा बोलली यावरून त्याच्या नातवंडांच्या घरात आज कोणती भाषा आहे, हे कळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. घरची भाषा आणि इंग्रजी यांचा संबंध सांगणाऱ्या ज्या नोंदी आपल्याकडे प्रमाण मानल्या जातात, त्या आखाडा बाळापूरसारख्या बहुभाषिक ग्रामीण परिसराला लावून पाहिल्यास कितपत टिकतात, याची येथे चिकित्सा केली आहे.

परिसराची भाषिक घडण

हिंगोलीहून कळमनुरीमार्गे वारंगा फाट्याकडे व पुढे नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. तालुका कळमनुरी, जिल्हा पूर्वी परभणी, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अशा जिल्ह्याचे वर्णन करताना ‘मराठी भाषक ग्रामीण भाग’ एवढे दोन-तीन शब्द सहज वापरले जातात. ते चुकीचे नाहीत, पण पुरेसेही नाहीत. कळमनुरी तालुक्यात मराठीच्या शेजारी मुस्लिम कुटुंबांची दखनी वळणाची उर्दू आहे, तांड्यांवरची गोरमाटी आहे आणि आंध या आदिवासी जमातीची, मराठीच्याच कुळातली परंतु स्वतःची लकब राखून असलेली बोली आहे. मराठी कुटुंबांची बोलीही पाठ्यपुस्तकातील मराठी नव्हे. अशा गावच्या बाजारात एकच माणूस तासाभरात दोन-तीन भाषांतून व्यवहार करतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. येथून फार दूर नसलेल्या नर्सी येथील नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे एकाहून अधिक भाषांत वावरणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही, हे सहज पटते.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा अनुभवही येथे जुनाच आहे. हैदराबाद संस्थानात फारसीची जागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्दूने घेतली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणूनही उर्दूच स्वीकारली. तेथे इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. माध्यम मात्र नव्हते. मराठवाड्यातील मराठी घरांतली मुले त्यामुळे घरी मराठी, शाळेत व कचेरीत उर्दू आणि वरच्या वर्गात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या चढत होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मधली पायरी काढली गेली. इतिहासलेखनात याची नोंद भाषिक मुक्ती म्हणून होते आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच वेळी उर्दू वाचणारी एक संपूर्ण पिढी अचानक निरक्षरासारखी झाली, या बाजूकडे फारसे पाहिले गेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या निमित्ताने निजामकालीन दस्तऐवजांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज किती आहे हे सर्वांच्या लक्षात आले. सत्तेची भाषा बदलते तेव्हा घरातली कागदपत्रे घरच्याच माणसांना परकी होतात. इंग्रजीविषयीची आजची ओढ समजून घेताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करून चालणार नाही. या प्रदेशातील पालक कचेरीच्या भाषेची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजत आला आहे.

दोन रकान्यांचे गणित

जनगणनेच्या पत्रकातील ‘अवगत असलेल्या इतर भाषा’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. व्यक्तीला मातृभाषेखेरीज ज्या भाषा येतात त्यांपैकी दोन, अधिक चांगली येणारी आधी या क्रमाने, लिहावयाच्या असतात. भाषा लिहिता-वाचता येण्याची अट नाही. समजून घेऊन संभाषण करता आले म्हणजे पुरे. २०११ मध्ये या पद्धतीने इंग्रजी मातृभाषा म्हणून सांगणारे देशात सुमारे २ लाख ६० हजार, पहिली इतर भाषा म्हणून सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख आणि दुसरी इतर भाषा म्हणून सांगणारे सुमारे ४ कोटी ६० लाख आढळले. देशातील साधारण १०.६ टक्के लोकांना इंग्रजी येते, हे नेहमी उद्धृत होणारे प्रमाण या बेरजेतून निघते. इंग्रजी मातृभाषा सांगणाऱ्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला असून ती संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत मुंबईचा वाटा किती असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता हेच पत्रक आखाडा बाळापूर परिसरातील दोन कल्पित पदवीधरांपुढे ठेवून पाहावे. दोघे एकाच महाविद्यालयातून, एकाच वर्षी, इंग्रजीत सारखेच गुण मिळवून उत्तीर्ण झाले आहेत असे समजू. पहिल्याचे घर मराठी. त्याच्या नोंदीत मातृभाषा मराठी, इतर भाषा हिंदी आणि इंग्रजी, असे येईल. दुसरी पदवीधर तांड्यावरची. तिची मातृभाषा गोरमाटी. शाळेमुळे मराठी उत्तम, बाजार व चित्रपट यांमुळे हिंदी चांगली आणि महाविद्यालयामुळे इंग्रजी पहिल्याइतकीच. परंतु रकाने दोनच आहेत आणि क्रम प्रावीण्याचा आहे. मराठी व हिंदी लिहून झाल्यावर तिच्या इंग्रजीला जागा उरत नाही. उर्दू घरातील विद्यार्थ्याची स्थिती हीच. मराठी आणि हिंदी यांना आधी जागा दिली की इंग्रजी बाहेर राहते. म्हणजे ज्याला तीनच भाषा येतात त्याची इंग्रजी मोजली जाते आणि जिला चार येतात तिची मोजली जात नाही. पत्रक जणू जास्त भाषा जाणणाऱ्याला दंड करते.

हा दोष केवळ तांत्रिक मानता येणार नाही. भाषिक अल्पसंख्य समाजांत इंग्रजी जाणणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे, असा निष्कर्ष अशा तक्त्यांवरून काढला गेला तर त्यातील काही भाग समाजाच्या मागासलेपणाचा आणि काही भाग पत्रकाच्या रचनेचा असतो. कोणता किती, हे तक्ता सांगू शकत नाही. या समाजांत शिक्षणाची उणीव नाही असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. उणीव आहेच. तथापि ती मोजण्याचे साधनच एका बाजूला झुकलेले असेल तर उणिवेचा खरा आकार दिसणे अशक्य होते.

गोरमाटीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली १९,५६९ कच्ची नावे छाननीनंतर १,३६९ मातृभाषांत आणि शेवटी १२१ भाषांत बसवली गेली. या प्रक्रियेत लमाणी अथवा लंबाडी या नावाने नोंदलेली, देशभरात ३२ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा ‘हिंदी’ या शीर्षकाखाली गेली. ग्रिअरसनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात बंजारी किंवा लभाणी भिल्ली बोली व खानदेशी यांच्या शेजारी, हिंदीपासून वेगळी ठेवली होती. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये आला. त्या सर्वेक्षणाची भूमिकाच अशी होती की, जी भाषा लोक आपली मानतात तिला तिच्या नावाने नोंदवावे. जनगणनेचा तक्ता मात्र उलट दिशेने जातो. परिणामी एक तार्किक पेच उभा राहतो. तांड्यावरच्या ज्या मुलीने पत्रकावर मातृभाषा लमाणी आणि इतर भाषा हिंदी असे लिहिले, तिची मातृभाषा तक्त्यात हिंदी ठरली, तर तिच्या हिंदी येण्याला ‘इतर भाषा’ म्हणायचे की नाही? घरात तिची आजी बोलते ती भाषा आणि दूरचित्रवाणीवरची भाषा या दोन्हींना एकच नाव देणारी ही व्यवस्था त्या घराविषयी नेमके काय सांगते?

तिरक्या रेघांचे धोरण

जनगणना केवळ मोजते. शिक्षणविषयक धोरण त्या मोजणीवर उभे राहते. घटनेतील ३५० अ हे कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, असे त्याने म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हीच गोष्ट, शक्य असेल तेथवर, या पुस्तीसह पुन्हा सांगितली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत व शक्यतो आठवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा, प्रादेशिक भाषा यांपैकी असावे, असे म्हटले आहे. मूळ मजकुरात हे चारही शब्द तिरक्या रेघांनी जोडलेले आहेत. जणू ते एकाच वस्तूची चार नावे आहेत.

पुण्यातील अथवा नांदेडमधील अनेक मराठी घरांसाठी ते जवळजवळ तसे आहेतही. आखाडा बाळापूर परिसरातील तांड्यासाठी मात्र त्या चार शब्दांचे किमान दोन वेगळे अर्थ होतात आणि शाळा कोणता अर्थ निवडणार हे आधीच ठरलेले असते. प्रादेशिक भाषेची शाळा उघडली की धोरणाचे पालन झाले. घरच्या भाषेचा प्रश्न रेघेच्या पलीकडे राहतो. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्ग सुरू केले. तेथील कोंध समाजाविषयी अजित मोहंती यांनी केलेल्या अभ्यासाने घरची भाषा टिकवून दुसरी शिकणारी मुले बौद्धिक कसोट्यांत मागे पडत नाहीत, उलट पुढे असतात, हे दाखवून दिले होते. महाराष्ट्रातील चर्चा या दिशेने गेल्याचे क्वचितच दिसते. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनची त्याची सुधारित आवृत्ती आणि २९ जूनला जाहीर झालेली दोन्हींची माघार, या अडीच महिन्यांत राज्यात भाषेवर जेवढे बोलले गेले तेवढे एरवी दहा वर्षांत बोलले जात नाही. परंतु वादाचे गृहीतक दोन्ही बाजूंनी एकच होते : मुलाची पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, आणि तिसरीचे काय करायचे. ज्या मुलाला मराठी हीच दुसरी आहे त्याच्यासाठी हा तिसऱ्या नव्हे तर चौथ्या भाषेचा प्रश्न होता.

‘मातृभाषेचा परिणाम’ या गृहीतकाविषयी

महाविद्यालयीन नियतकालिकांतून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवर सातत्याने लेखन होत असते. त्याचा एक ठरीव साचा आहे. प्रश्नावलीत विद्यार्थ्याचे माध्यम, पालकांचे शिक्षण आणि उत्पन्न विचारले जाते. चुकांची वर्गवारी होते. आणि कारण म्हणून ‘मातृभाषेचा परिणाम’ नोंदवून लेख पूर्ण होतो. ही मातृभाषा मराठी असल्याचे गृहीत धरलेले असते. एवढेच नव्हे, ती प्रमाण मराठी असल्याचेही गृहीत असते. इंग्रजीतील अपूर्ण वर्तमानकाळ शिकवण्याचे साधे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकी पद्धतीत ‘मी जात आहे’ या वाक्याचे इंग्रजी रूपांतर करून दाखवले जाते. परंतु या परिसरातील मूल घरी ‘मी जात आहे’ म्हणतच नाही. ते ‘मी जायलो’ म्हणते. ‘आई सैपाक करायली’ म्हणते. ‘जायलो’ आणि ‘जातो’ यांतील भेद त्याच्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. क्रिया चालू आहे आणि क्रिया नेहमी घडते, हा जो फरक इंग्रजी व्याकरण दोन काळांनी दाखवते, तो त्याच्या बोलीने त्याला फुकट दिलेला आहे. शिक्षक मात्र आधी ‘जायलो’ चूक ठरवतो, तिच्या जागी ‘जात आहे’ बसवतो आणि तेथून इंग्रजीकडे नेतो. एका उडीच्या अंतरासाठी दोन उड्या, आणि पहिल्याच उडीत आपली घरची भाषा अशुद्ध असल्याची जाणीव. पुढे इंग्रजी बोलताना जो संकोच दिसतो त्याचे मूळ इंग्रजीच्या तासात नसून मराठीच्या तासात असण्याची शक्यता आपल्या संशोधनात विचारात घेतली जात नाही.

दखनी घरातील मुलाची जमेची बाजू वेगळी आहे. इंग्रजीतील दंत्य घर्षक ज़ आणि दंतोष्ठ्य फ़ हे ध्वनी त्याच्या घरच्या बोलण्यात आधीपासून आहेत. मराठी घरातील मुलाला ते बहुधा शिकावे लागतात. दुसरीकडे, त्याची घरची बोली आणि उर्दू पाठ्यपुस्तकातील भाषा यांतही अंतर आहेच. मराठीच्या सहवासात दखनीने ‘नको’ घेतला, जोर देणारा ‘च’ घेतला. उर्दू माध्यमाच्या वर्गात ही रूपे खटकतात, मराठी माध्यमाच्या वर्गात त्याचे उच्चार खटकतात. दोन्हीकडे तो घरची भाषा घेऊन जातो आणि दोन्हीकडे ती बाहेर ठेवावी लागते. अशा मुलाच्या इंग्रजीतील चुकांना ‘मातृभाषेचा परिणाम’ असे एकाच नावाने संबोधणे म्हणजे निदान न करता औषध लिहिण्यासारखे आहे.

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेले परस्परावलंबनाचे गृहीतक, म्हणजे पहिल्या भाषेत पक्के झालेले वाचन-विचाराचे कौशल्य दुसरीत उतरते हे मत, आपल्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत अनेकदा उद्धृत होते. ते खरे मानले तर प्रश्न इंग्रजी कधी सुरू करावी हा उरत नाही. पहिल्या भाषेत वाचन पक्के झाले का, हा उरतो. आणि तांड्यावरच्या मुलाच्या पहिल्या भाषेत वाचण्याजोगे पुस्तक वर्गात नसेल तर उतरण्यासारखे नेमके काय आहे, हा प्रश्न या गृहीतकाचे समर्थकही येथे स्वतःला विचारत नाहीत.

येणे म्हणजे काय

महाराष्ट्रात प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तोवर ती पाचवीपासून होती. त्या वेळी या निर्णयावर कडाडून टीका झाली आणि त्याचे समर्थनही तितक्याच जोराने झाले. समर्थकांचा मुख्य मुद्दा समतेचा होता : शहरातील मुलाला बालवाडीपासून मिळते ते खेड्यातील मुलाला पाचवीपर्यंत का नाकारावे? मुद्दा न्याय्य होता. परंतु दहावीच्या विषयसूचीत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजी आजही ‘तृतीय भाषा’ आहे. पहिल्या वर्षी सुरू होणारी भाषा नावाने तिसरी राहावी, यात व्यवस्थेची अनास्था दिसते.

मोजमापाचा गोंधळही तसाच आहे. जनगणना संभाषण विचारते, वाचन-लेखन विचारत नाही. माध्यमिक शालान्त परीक्षा उलट करते. तिच्यात ८० गुण लेखी असून ऐकणे-बोलणे शाळेनेच द्यावयाच्या २० गुणांत आटोपते. ‘असर’ पाहणी साधी इंग्रजी वाक्ये वाचता येतात का ते तपासते. तिच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे एक चतुर्थांश आणि आठवीतील निम्म्याहून थोडी कमी मुले ती वाचू शकली, आणि २०१६ च्या तुलनेत या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता. आखाडा बाळापूरसारख्या गावातील पदवीधर डोळ्यांनी आणि हाताने इंग्रजी जाणतो. औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, खताच्या पोत्यावरचे प्रमाण, बँकेचा संदेश, न्यायालयाची नोटीस तो वाचतो व घरच्यांना आपल्या भाषेत समजावून सांगतो. कान आणि तोंड यांना मात्र या भाषेची संधी मिळत नाही. जनगणनेच्या निकषावर त्याला इंग्रजी येत नाही. परीक्षेच्या निकषावर येते. मुलाखतीच्या निकषावर पुन्हा येत नाही.

मुलाखतीचा निकष येथे महत्त्वाचा, कारण पोट त्याच्याशी जोडलेले आहे. आझम, चिन आणि प्रकाश यांनी २००५ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी मिळकत मुळीच इंग्रजी न बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी आणि थोडी बोलणाऱ्यांची १३ टक्क्यांनी अधिक होती. शिक्षण इत्यादी घटक वेगळे काढल्यानंतरचा हा फरक आहे. हा अभ्यास न वाचताही गावातील पालकाला त्याचा निष्कर्ष ठाऊक असतो. म्हणूनच तो इंग्रजी शाळेची गाडी दारात येण्याची वाट पाहतो, आणि शाळेने सांगितले म्हणून मुलाशी ‘वॉटर’, ‘मिल्क’, ‘शूज’ असे सुटे शब्द बोलू लागतो. त्याला हसणे सोपे आहे. प्रश्न असा की, आई-वडिलांनी घरची भाषा काढून घेतली आणि तिच्या जागी इंग्रजीचे चाळीस-पन्नास शब्द ठेवले, तर त्या घरात मुलाशी पूर्ण वाक्यात कोण बोलते? बहुधा आजी. आणि तिची भाषा कोणत्याही रकान्यात नसते.

यात एक नवी गोष्ट मिसळली आहे. भ्रमणध्वनीवर घरचीच भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय तरुणांत सर्रास रुजली आहे. इंग्रजी भाषा घरात येण्यापूर्वी तिची लिपी घरात आली. मराठीच्या शुद्धतेची काळजी वाहणारे याकडे ऱ्हास म्हणून पाहतात. गोरमाटीच्या बाबतीत तसे म्हणणे कठीण आहे. कारण शाळेने ज्या भाषेला एकही वही दिली नाही ती निदान या पडद्यावर तरी लिहिली जाते. या लेखनाचा अभ्यास भाषाविभागांनी अद्याप गंभीरपणे हाती घेतलेला दिसत नाही.

पुढील गणनेपूर्वी

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील गणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून बहुतांश देशासाठी तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. ती संगणकीय पद्धतीने होणार असून नागरिकांना स्वतः माहिती भरण्याची सोय असेल. कागदावर दोनच ओळी मावतात, हे कारण त्यामुळे पुढे करता येणार नाही. तिसऱ्या, चौथ्या भाषेला जागा देणे आणि ‘बालपणी आई कोणती भाषा बोलत असे’ याच्या जोडीला ‘आज घरात कोणती भाषा चालते’ हे विचारणे, या दोन दुरुस्त्या तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक आहेत. मिळालेल्या उत्तरांची नावे पुन्हा बावीस-शंभर शीर्षकांखाली कोंबायची की नाहीत, हा मात्र धोरणाचा प्रश्न आहे आणि तेथे केवळ यंत्राने काही साधणार नाही.

महाविद्यालयांना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मातृभाषा’ हा रकाना असतो. तो कोणी, कोणाला विचारून भरला याची नोंद दाखल्यात नसते, आणि प्रवेशाच्या वेळी तीच नोंद पुढे उतरवली जाते. पदवीच्या पहिल्या वर्षात अनिवार्य इंग्रजीच्या तासाला बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण घरी आजीशी एक भाषा, भावंडांशी दुसरी आणि बाजारात तिसरी बोलतात, त्यांपैकी कोणत्या भाषेत ते वाचतात, कोणत्या भाषेत हिशेब करतात, इंग्रजी वाचून समजते का, ऐकून समजते का आणि शेवटची केव्हा बोलावी लागली, हे प्रश्न विचारण्यासाठी शासनाचा निधी किंवा विद्यापीठाची मान्यता लागत नाही. एका वर्गासाठी हे काम एका तासिकेचे आहे.